पंखांना अट हवी

कोरियातल्या एनसीसॉफ्टने 2008 मध्ये आणलेल्या 'आयॉन' या ऑनलाइन खेळात आपलं पात्र नवव्या पातळीपर्यंत पायीच हिंडत असतं. मग एक विधी होतो, पात्र 'डेवा' बनतं आणि त्याच्या पाठीवर पंख फुटतात. उजेडाच्या बाजूच्या एलिओसना पांढरे, अंधाराच्या बाजूच्या अ‍ॅस्मोडियनना काळे. इथपर्यंत सगळं ओळखीचं आहे. पुढचा नियम मात्र महत्त्वाचा. सुरुवातीला उडायला मिळतात फक्त 60 सेकंद. पडद्यावर एक पट्टी घटत जाते, ती संपली की पंख नाहीसे होतात आणि पात्र असेल तिथून खाली येतं. उंची जास्त असेल तर मरतं. उडायचं तेही ठरावीक प्रदेशांतच. पुढे चांगले पंख मिळतात तसे हे सेकंद वाढत जातात.

त्या खेळातल्या पांढऱ्या-काळ्या रंगांचा अर्थ खेळाडू दोन दिवसांत विसरतो. त्या पट्टीचा अर्थ तो विसरत नाही, कारण त्याचा जीव तिच्यावर टांगलेला असतो. फँटसी खेळांतल्या पंखांकडे पाहताना मी हेच आधी बघतो. पिसं पांढरी की काळी, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की हे पंख दिले कोणी, टिकतात किती वेळ, त्यांची किंमत काय आणि ते काढून कोण घेऊ शकतं. चित्रात पंखाचा अर्थ आकारातून येतो. खेळात तो अटीतून येतो. अट नसलेले पंख म्हणजे नुसता दागिना.

अट कथेत आणि यंत्रणेत एकाच वेळी कशी बसवावी, याचा सर्वांत स्वच्छ नमुना म्हणजे निन्टेन्डोचा 'किड इकारस'. 1986 च्या मूळ खेळातला पिट हा देवदूत पाठीवर पंख असूनही उडू शकत नाही. जवळजवळ पूर्ण खेळभर तो पायी आणि उड्या मारतच पुढे जातो. तीन पवित्र आयुधं मिळाल्यावर, त्यातल्या पेगॅससच्या पंखांमुळे तो अखेरच्या टप्प्यात उडतो. आणि 2012 च्या 'किड इकारस: अपरायझिंग'मध्ये रचनाकार मासाहिरो साकुराईने या उणिवेचाच कणा केला. पिटला उडवते ती देवी पाल्युटेना. तिची शक्ती पाच मिनिटं पुरते. त्यापुढे उडाला तर त्याचे पंख जळतात. म्हणून खेळातले बहुतेक अध्याय पाचेक मिनिटांच्या हवाई लढाईने सुरू होतात आणि मग पिट जमिनीवर उतरून पायी लढतो. खेळाची रचना, हातातल्या कन्सोलवर एका बैठकीला पुरेल इतका वेळ आणि ग्रीक कथेत सूर्याजवळ उडालेल्या इकारसच्या पंखांचं वितळणारं मेण, हे तिन्ही एकाच नियमात बसलं आहे.

मग एका अध्यायाच्या शेवटी पिट आपल्याच प्रतिरूपाला, म्हणजे डार्क पिटला, वाचवण्यासाठी ही मर्यादा ओलांडतो आणि त्याचे पंख जळून जातात. ही घटना वाचताना मराठी वाचकाला इकारसच्या आधी संपाती आठवायला हवा. जटायूचा थोरला भाऊ. दोघे सूर्याकडे झेपावले, जटायू उन्हाने कोमेजायला लागला, तेव्हा संपातीने स्वतःचे पंख त्याच्यावर पसरले आणि ते जळून तो विंध्य पर्वतावर कोसळला. इकारसचे पंख हट्टाने गेले, संपातीचे भावावर सावली धरताना गेले. पिटची गोष्ट नावाने इकारसची असली तरी आतून संपातीची आहे. पुढचा दुवासुद्धा जुळतो. सीतेचा पत्ता वानरांना सांगितल्यावर संपातीला नवे पंख फुटतात, आणि पिटचे पंखही त्याला परत मिळतात, तेही ज्याला वाचवलं त्याच्याच धावपळीमुळे. खेळ बनवणाऱ्यांच्या मनात रामायण होतं असं मला म्हणायचं नाही. जळलेल्या पंखांची कथा दोन ठिकाणी स्वतंत्रपणे एकाच वळणावर येते, आणि खेळ रचणाऱ्याने त्या वळणाची नोंद ठेवावी, एवढंच. पंख गमावण्याचं कारण बदललं की पात्राचा सगळा स्वभाव बदलतो.

देऊन टाकलेल्या पंखांचा खेळ म्हणजे 2019 मध्ये आलेला, दॅटगेमकंपनीचा 'स्काय: चिल्ड्रन ऑफ द लाइट'. तो मोबाइलवर फुकट आहे, त्यामुळे हा लेख वाचून लगेच तपासून पाहता येईल. यात पंख म्हणजे खांद्यावरची शाल. ठिकठिकाणी लपलेली 'विंग्ड लाइट' नावाची तेजस्वी बालरूपं गोळा करत गेलं की शालीची उडण्याची ताकद वाढते. पावसात ती ताकद ओसरते. सोनेरी उजाड प्रदेशात क्रिल नावाचा उडता राक्षस नजरेने पकडून धडकला की गोळा केलेला प्रकाश अंगातून उडून जातो आणि तो वेचायला धावावं लागतं. दिव्याजवळ उभं राहिलं किंवा दुसऱ्या खेळाडूला बिलगलं की शाल पुन्हा भरते. म्हणजे एकट्याने उडणं अवघड, सोबतीने सोपं. हा अर्थ कोणी संवादातून सांगत नाही, तो ऊर्जेच्या हिशेबातच आहे. शेवटच्या ईडन प्रदेशात लाल दगडांच्या वादळात, दगड झालेल्या मुलांना आपल्याजवळचा एकेक प्रकाश देत पुढे सरकायचं. जितके दिले तितकं आपलं उडणं कमी. ज्यांनी आठवडे घालवून पंख जमवले, त्यांच्याच हाताने ते द्यायला लावणं ही या खेळाची खरी हिंमत आहे.

शालीने उडणं ही कल्पना आपल्याला नवी वाटू नये. भारतीय शिल्पात आणि चित्रात गंधर्व, अप्सरा, विद्याधर बहुतेक ठिकाणी पंखांशिवायच उडतात. अजिंठ्याच्या 17 क्रमांकाच्या लेण्यात इंद्र आणि त्याच्याबरोबरचा लवाजमा आकाशातून येतो तो भाग पाहा. उडणं दाखवलंय ते मागे फडकणाऱ्या वस्त्रांतून, मागे झुकलेल्या अलंकारांतून आणि ढगांच्या पट्ट्यांतून. वेरूळच्या विद्याधरांचे गुडघे वाकलेले आणि तळवे मागे गेलेले असतात, तेवढ्यावर दगड हलका होतो. पाठीतून दुसरे दोन अवयव काढायची गरज पडत नाही. भारतीय पुराणांवर खेळ बनवणाऱ्यांनी, आणि त्यात पुण्यातले स्टुडिओही आले, देवदूताचे पिसांचे पंख अप्सरेला चिकटवण्याआधी एकदा अजिंठ्याला जाऊन यावं असं मला फार वाटतं. तिथे उड्डाणाचं आपलं व्याकरण भिंतीवर तयार आहे.

एकच पंख

पंखांबद्दल बोलायचं आणि सेफिरॉथ या खलनायकाला टाळायचं हे जमणार नाही. 1997 च्या 'फायनल फँटसी 7'मध्ये शेवटच्या लढाईत तो ज्या रूपात येतो, त्यात उजव्या हाताच्या जागी एकच पंख असतो. नोबुओ उएमात्सूच्या त्या लढाईच्या संगीताचं नावच 'वन-विंग्ड एंजल'. पुढे 2002 च्या 'किंगडम हार्ट्स'मध्ये आणि नंतर सर्वत्र तो माणसाच्या रूपात, पाठीवर एका काळ्या पंखासह दिसू लागला. त्याचं नाव कब्बाला या ज्यू गूढपरंपरेतल्या दहा सेफिरोतवरून, म्हणजे ईश्वरी गुणांच्या पायऱ्यांवरून आलेलं आहे. देवत्वाकडे जाणारी चढण असं नाव आणि पाठीवर अर्धाच पंख, यात सगळं आलं.

एक पंख इतका का टोचतो? कारण पंख हे डोळ्याला जोडीनेच ठाऊक असतात. एक दिसला की मन लगेच दुसरा शोधतं, आणि तो नसल्यामुळे प्रश्न उभा राहतो: तोडला, की कधी आलाच नाही? याशिवाय उड्डाणाची गोष्टच संपते. एका पंखाने उडता येत नाही, त्यामुळे तो पंख साधन उरत नाही, निव्वळ खूण बनतो. सेफिरॉथ तरीही हवेत तरंगतो, म्हणजे त्याला उचलून धरणारं काहीतरी दुसरंच आहे. ही भीती दोन पंखांनी कधीच निर्माण झाली नसती.

याच मालिकेतल्या 2007 च्या 'क्रायसिस कोर'मध्ये हा विचार जास्त माणसाळलेला आहे. अँजील या योद्ध्याच्या पाठीवर पांढरा पंख येतो. तो स्वतः त्याला राक्षस झाल्याची खूण मानतो. त्याचा शिष्य झॅक त्याच पंखात देवदूत पाहतो. पंख एकच, वाचणारे दोघे. प्रतीक म्हणजे काय ते याहून कमी शब्दांत सांगता येणार नाही.

आणि नियम म्हणून हा एक पंख कसा वापरावा ते 2020 च्या अखेरीस 'सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट' या मारामारीच्या खेळाने दाखवलं. तिथे सेफिरॉथला भरपूर मार बसला की पंख फुटतो. मग तो वेगवान होतो, फटके जड होतात, हवेत एक जादा उडी मिळते. पंख कायम राहत नाही. किती मार बसल्यावर तो यावा हे सामना कुठल्या बाजूला झुकलाय त्यावर ठरतं. मागे पडलेल्या सेफिरॉथला तो लवकर मिळतो. म्हणजे हरण्याच्या काठावर आलेल्या देवाचा पंख. पात्राचा अहंकार त्या एका नियमात आहे.

पीस, कातडं, पापुद्रा, प्रकाश

कुठल्या प्राण्याचा पंख घेतला यालाही अर्थ असतो, पण तो वारशाने आलेला असतो आणि म्हणून सहज शिळा होतो. ख्रिस्ती कलेत पहिली तीनएक शतकं देवदूत बिनपंखांचेच होते. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धापासून त्यांना पंख दिसू लागतात, आणि ते घेतले गेले ग्रीक-रोमन विजयदेवतेच्या मूर्तींवरून. हिब्रू धर्मग्रंथातल्या सेराफिम या देवदूतांना सहा पंख आहेत आणि त्यांची वाटणी लक्षात ठेवण्यासारखी आहे: दोन चेहरा झाकायला, दोन पाय झाकायला, दोन उडायला. सहांपैकी चार लपण्यासाठी! खेळांमध्ये सहा पंखांचे देवदूत उदंड आहेत, पण त्यांचे सहाच्या सहा पंख दिमाखाने पसरलेले असतात. झाकून घेणारे चार पंख असलेला देवदूत कुणी केला तर तो एका नजरेत वेगळा ठरेल. सैतानाचे वटवाघळी पंख चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला इटालियन कवी दांतेच्या नरकवर्णनात स्पष्ट सांगितलेले आहेत. पिसं नसलेले, आणि त्यांच्या फडफडीतून सुटणाऱ्या थंड वाऱ्यानं तळ गोठवणारे. पंख हलवतोय पण हलत नाही, अशी ती शिक्षा आहे.

'वॉरक्राफ्ट 3'मध्ये इलिडन हा योद्धा गुलडॅन या मेलेल्या मांत्रिकाच्या कवटीतली शक्ती स्वतःत घेतो आणि त्याला असे कातडी पंख, शिंगं आणि खूर येतात. शक्तीचा हव्यास अंगावर उमटला. 2016 मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने खेळाडूंना त्याच्या पंथातला डीमन हंटर दिला तेव्हा नियम नेमका ठेवला: पंखांनी फक्त तरंगत खाली येता येतं, वर जाता येत नाही. सैतानाकडून उसन्या घेतलेल्या पंखांनी पडणं लांबवता येतं. फार विचारपूर्वक केलेलं काम आहे ते.

कीटकांचे पंख मला सगळ्यांत ताजे वाटतात, कारण त्यांच्यावर धर्मकलेचं ओझं कमी आहे. ऑस्ट्रेलियातल्या टीम चेरीच्या 2017 च्या 'हॉलो नाइट'मध्ये 'मोनार्क विंग्ज' मिळतात त्या एन्शंट बेसिनमध्ये, ब्रोकन व्हेसल या शत्रूला हरवल्यावर. तो शत्रू आपल्यासारखाच, टाकून दिलेला दुसरा एक जीव. म्हणजे दुसरी उडी ज्याच्या अंगावरून आली तो आपला भाऊच म्हणायचा. पंख दिसतात तेही फक्त दुसऱ्या उडीच्या क्षणी. इतर वेळी आपलं पात्र तेच लहानसं, झगा घातलेलं. 'एल्डन रिंग'मधली मलेनिया ही शत्रू योद्धा लढाईच्या दुसऱ्या टप्प्यात उठते तेव्हा तिचे पंख फुलपाखरांचे बनलेले असतात, आणि फुलपाखरं आलीत सडण्यातून. सडणं आणि फुलणं एकाच आकारात. शिवाय तिथे पंख उघडणं ही खेळाडूला दिलेली सूचनाही आहे: ती हवेत उचलली गेली की पळा.

प्रकाशाचे पंख 'डायब्लो'च्या देवदूतांना आहेत, पिसांऐवजी तेजाचे सरकते धागे. 'डायब्लो 3'मध्ये टायरेल हा देवदूत स्वतःच्या हातांनी ते उपटून टाकतो आणि मर्त्य होऊन पृथ्वीवर पडतो. पंख प्रकाशाचे असल्यामुळे तिथे रक्त नाही, जखमेचं प्रदर्शन नाही. उरतो तो केवळ निर्णय. पिसांच्या पंखांनी हाच प्रसंग किळसवाणा झाला असता.

गरुडाबद्दल मात्र एक सल आहे. 'फायनल फँटसी'च्या खेळांत गरुड हे नाव वारंवार येतं. चौदाव्या ऑनलाइन खेळात तर ती वाऱ्याची क्रूर देवी आहे, स्त्रीरूपात. त्यांनी नाव घेतलं, वारा घेतला, त्यात गैर काही नाही. पण गरुडाच्या पंखांची आपली अट त्यात राहून गेली. आई विनता कद्रूच्या दास्यात होती, तिला सोडवण्यासाठी त्याने अमृत आणलं, आणि आणलेल्या अमृताचा थेंबही स्वतः घेतला नाही. हातात अमृत असून न पिण्याची अट, वर एवढं प्रचंड उड्डाण! ही यंत्रणा म्हणून अजून कोणी वापरलेली माझ्या पाहण्यात नाही. उडताना जवळ एक कलश आहे, तो प्यायला तर जीव भरतो पण मोहीम हरते, एवढा एक नियम लिहिला तरी अर्धा खेळ उभा राहील.

अट नसली की काय बिघडतं

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये 2007 साली खेळाडूंना वाहनावरून मोकळं उडता येऊ लागलं. लगेच त्रास दिसला: रस्ते, दऱ्या, पहारे, सगळ्याच्या डोक्यावरून लोक थेट ध्येयापाशी उतरू लागले. पुढच्या काळात नव्या प्रदेशांत उडणं आधी बंद ठेवून ठरावीक कामं केल्यावरच खुलं करायची पद्धत आणावी लागली. त्याच खेळाच्या 2022 च्या 'ड्रॅगनफ्लाइट' या विस्तारात तर उड्डाणच बदललं: वेग राखण्यासाठी सूर मारायचा, वर जायला साठवलेली ताकद खर्च करायची. अट परत आली आणि उडणं पुन्हा आनंदाचं झालं.

दुसरी बिघाडाची जात म्हणजे दर्जा दाखवणारे पंख. वेबझेनच्या 'म्यू ऑनलाइन'मध्ये केऑस मशीनमध्ये साहित्य घालून पंख बनवायचे आणि प्रयत्न फसला की साहित्य गेलं. तिथे पंख म्हणजे जुगारात जिंकलेली पदवी, आणि त्या अर्थाने ती व्यवस्था प्रामाणिक होती. तिचं अनुकरण करणाऱ्या कितीतरी मोबाइल खेळांत मात्र पहिल्याच दिवशी पंख भेट मिळतात, मग रोज थोडे मोठे होतात. सगळ्या चौकात सगळ्यांनाच पंख, आणि कुणीच उडत नाही.

बनवायला बसलात तर

पेन्सिल उचलण्यापूर्वी अट एका वाक्यात लिहून काढा. 'हे पंख राणीने दिले, रात्रीच उघडतात, दर वेळी एक आठवण जाते.' वाक्य होत नसेल तर पात्राला पंख नकोत, शाल द्या.

मग तीन आकृत्या काढा: मिटलेले, अर्धे उघडलेले, पूर्ण उघडलेले. तिन्ही काळ्या रंगाने भरा आणि 64 पिक्सेल उंचीवर आणून पाहा. मिटलेली आकृती ढालीसारखी किंवा पाठीवरच्या पिशवीसारखी दिसत असेल तर मनगटाचं टोक खांद्याच्या वर काढा. मिटलेल्या पंखाची ओळख त्या वर आलेल्या कोपऱ्यात असते.

पिसांच्या पंखात हाताचेच तीन भाग असतात: दंड, पुढचा हात, पंजा. पंज्यावरची लांब पिसं बहुतेक पक्ष्यांत दहा असतात. त्यांच्या मागे पुढच्या हातावरची मधली पिसं, ती दहा ते चौदा काढली तर पुरतात, आणि वर झाकणाऱ्या छोट्या पिसांच्या दोन-तीन ओळी. नेहमीची चूक म्हणजे सगळी पिसं एका बिंदूतून निघालेली आणि एकाच लांबीची. मग तो हातपंखा दिसतो. दुसरी चूक पिसाच्या मधोमध दांडी. बाहेरच्या लांब पिसांत दांडी पुढच्या कडेकडे सरकलेली असते. वारा कापणारी बाजू अरुंद असते, आणि तेवढ्या एका बदलाने पंख जिवंत होतो. वटवाघळी पंखात अंगठा मोकळा असतो आणि बाकीची चार बोटं कातडं ताणतात. बोटांमधली कड सरळ रेषेत काढू नका, ती आत वळलेली हवी, नाहीतर तो तंबू होतो.

आकाराबद्दल वास्तवाचा अंदाज असू द्या. भटक्या अल्बाट्रॉसचा पसारा साडेतीन मीटरपर्यंत जातो, पण वजन दहा किलोच्या आसपास. माणसाला घेऊन तरंगणाऱ्या हँग ग्लायडरचा पसारा साधारण 9 ते 10 मीटर असतो. म्हणजे खरे पुरेसे पंख दाराच्या चौकटीतून जाणारच नाहीत. खेळात पाच-सहा मीटरवर थांबावं लागतं आणि उरलेलं काम जादूवर सोडावं लागतं. म्हणूनच 'हॉलो नाइट'सारखी, क्षणभर दिसून जाणाऱ्या पंखांची युक्ती इतकी उपयोगी आहे. 'बायोनेटा'मध्येही फुलपाखराचे पंख दुसऱ्या उडीपुरतेच उमटतात.

रिगिंग करताना, म्हणजे मॉडेल हलवण्यासाठी आत 'बोन' नावाच्या हाडांचा सांगाडा बसवताना, पंखाचं मूळ खांद्याच्या बोनला जोडू नका, छातीच्या बोनला जोडा. खांद्याला जोडलं की हात वर करताच पंख कानात शिरतो. एका पंखाला तीन मुख्य बोन आणि पिसांच्या गटांसाठी चार-पाच, एवढ्यात मोबाइलवरचं काम भागतं. प्रत्येक पिसाला वेगळं बोन फक्त जवळून दिसणाऱ्या प्रसंगांसाठी राखा. कातडी पंख मिटताना कापड कुठेतरी जायलाच हवं आणि तिथे हमखास चुरगळतं, एकमेकांतून आरपार जातं. मिटलेल्या अवस्थेसाठी वेगळं मॉडेल ठेवून दोन-तीन फ्रेममध्ये अदलाबदल करणं हा जुना आणि खात्रीचा उपाय. मिटलेल्या पंखाचं टोक घोट्याच्या वर राहील असं बघा, नाहीतर पात्र खाली बसलं की टोक जमिनीत जातं. लांब केस, भाता आणि पंख, यातलं एक काहीतरी सोडावं लागतं. मी भाता सोडतो.

पिसं पारदर्शक पट्ट्यांवर रंगवली असतील तर एकावर एक थर साचून फोन तापतो. अर्धपारदर्शक कडा टाळा आणि कापलेली कड वापरा, म्हणजे प्रत्येक ठिपका एकतर पूर्ण दिसेल नाहीतर अजिबात नाही. गावच्या चौकात पन्नास पंखवाले खेळाडू एकत्र आल्यावर काय होतं ते आधीच तपासा.

फडफडीचा वेग आकारावर ठरतो. सेकंदाला 30 फ्रेमच्या हिशेबात माणसाएवढ्या पात्राची एक फडफड 24 ते 30 फ्रेम घेऊ द्या. याहून जलद केली की चिमणी होते. खाली येताना पंख पूर्ण पसरलेला, वर जाताना मनगट मोडलेलं. टोक मुळाच्या दोन-तीन फ्रेम मागून यावं. आणि सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट: पंख खाली येतो तेव्हा अंग वर उचललं जातं. कमर जागेवर ठेवून नुसते पंख हलवले तर पात्र दोऱ्याला टांगलेलं वाटतं. आवाज खाली येणाऱ्या फटक्यावर बसवा, वर जाताना फक्त कापडाची सळसळ.

कॅमेरा पाठीमागे असतो आणि पंखही पाठीमागेच असतात. उघडल्यावर अर्धा पडदा झाकला जातो. तरंगताना कॅमेरा थोडा वर आणि मागे न्या, आणि फार जवळ आला तर पंख जाळीदार होऊन विरळ व्हावेत असं करा. मार लागण्याच्या हिशेबात मात्र खेळाडूच्या पंखांना धरू नका. टोकाला बाण लागून मेल्यावर कुणालाही ते न्याय्य वाटत नाही. शत्रूच्या बाबतीत उलट चालतं. 2018 च्या 'गॉड ऑफ वॉर'मधल्या नऊ वाल्किरी, म्हणजे नॉर्स पुराणातल्या योद्ध्या स्त्रिया, पंखांची ढाल करतात, पंखांनीच वार करतात, आणि पंख कसे उचलले यावरूनच पुढचा हल्ला ओळखायचा असतो. तिथे पंख म्हणजे चेहरा. तो नीट वाचता यावा म्हणून प्रत्येक हल्ल्याच्या आधीची आकृती काळ्या रंगात वेगळी दिसली पाहिजे.

आणि कथेत पंख जाणार असतील तर पंखांचे बोन काढून टाकू नका. पाठीवर दोन ठिकाणी छोटा उंचवटा ठेवा, उभं राहण्याची ढब किंचित पुढे झुकवा, कारण इतका वेळ मागे असलेलं वजन आता नाही. उडण्याचं बटण तसंच राहू द्या. दाबल्यावर खांद्याची पाती हलावीत, एक उसासा यावा आणि पुढे काहीच होऊ नये. चाचणीला बसलेला खेळाडू ते बटण पुढच्या दहा मिनिटांत किती वेळा दाबतो, ते मोजून ठेवा.